जुनी मशीद, लाल देऊळ आणि मराठी बोलणारे बेने इस्रायल

काळेवाडी, थेरगाव, रहाटणी, पिंपरी या पट्ट्यातल्या जवळजवळ प्रत्येक घराला ससून रुग्णालय ठाऊक आहे. वायसीएममध्ये जमले नाही की डॉक्टर चिठ्ठी लिहून देतात आणि नातेवाईक पेशंटला घेऊन पुण्याकडे निघतात. आपल्यापैकी कितीतरी जणांचे आईवडील तिथे बरे झाले, कितीतरी लेकरे तिथे जन्मली. पण हे ससून कोण, असे वर्गात विचारले तर बहुतेक मुले सांगतात, "कुणीतरी इंग्रज साहेब असेल." मोठ्या माणसांचेही उत्तर फारसे वेगळे नसते.

डेव्हिड ससून इंग्रज नव्हते. ते बगदादमध्ये जन्मलेले, घरात अरबी बोलणारे यहुदी होते.

दुसरीकडे हीच मुले मैदानावर खेळताना कुणी लबाडी केली तर त्याला 'यहुदी' म्हणून हिणवतात. गाझामधल्या युद्धाची दृश्ये मोबाइलवर येऊ लागल्यापासून हा शब्द जास्तच ऐकू येतो. मुलांनी आयुष्यात एकही यहुदी माणूस पाहिलेला नसतो. जो शब्द ती शिवी म्हणून वापरतात, त्याच समाजातल्या एका माणसाच्या दानातून उभ्या राहिलेल्या दवाखान्यात आपली आजी वाचली, हे त्यांना कुणी सांगितलेले नसते. म्हणून या महिन्यात आम्ही वाचकांपुढे महाराष्ट्रातल्या यहुद्यांची हकिकत ठेवत आहोत. ती वाचताना आपल्याला ठिकठिकाणी स्वतःचेच घर दिसेल.

नवगावचा किनारा

महाराष्ट्रातले मूळचे यहुदी स्वतःला 'बेने इस्रायल' म्हणतात, म्हणजे इस्राईलची लेकरे. हजरत याकूब अलैहिस्सलाम यांचे दुसरे नाव इस्राईल. कुरआन शरीफमध्ये 'बनी इस्राईल' हे शब्द आपण नेहमी वाचतो आणि त्या नावाची एक सूरहही आहे. हे नाव धारण करणारी माणसे आपल्या अलिबाग-पेणच्या गावांत शतकानुशतके राहत होती.

त्यांची परंपरा अशी सांगते, की सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एक जहाज कोकणच्या किनाऱ्याजवळ फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या आणि अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्याला लागल्या. बुडालेल्यांना तिथेच दफन केले. नवगावचे ते जुने कब्रस्तान आजही बेने इस्रायल पवित्र मानतात. ही माणसे नेमकी केव्हा आणि कुठून आली, यावर इतिहासकारांचे एकमत नाही. पण ती फार जुनी आहेत, याबद्दल शंका नाही.

वाचलेली माणसे गावोगाव पसरली आणि तेलाचे घाणे चालवू लागली. धर्मग्रंथ बरोबर नव्हते, हिब्रू भाषा हळूहळू विसरली गेली. तरी चार गोष्टी त्यांनी सोडल्या नाहीत. मुलाची सुंता आठव्या दिवशी करायची. अल्लाह एक आहे असे सांगणारी 'शेमा' ही प्रार्थना म्हणायची. खाण्यातले हलाल-हराम पाळायचे. आणि शनिवारी काम करायचे नाही. सगळे गाव कामात असताना यांचा घाणा शनिवारी बंद. त्यावरून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणू लागले. धंद्याचे नुकसान झाले तरी एक दिवस रब्बासाठी राखायचा, हे त्यांनी पिढ्यान् पिढ्या पाळले.

आडनावे गावावरून पडली. नवगावचे नवगावकर, केहीमचे केहीमकर, दिव्याचे दिवेकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर. कोकणी मुसलमानांतही गावावरून पडलेली अशी 'कर' आडनावे आहेत. नावेसुद्धा मराठी वळणाची झाली. मूसाचे मुसाजी, दाऊदचे दाऊदजी, याकूबचे अकूबजी. कोकणातल्या एखाद्या जुन्या कागदावर 'मुसाजी' असे नाव दिसले, तर तो मुसलमान की यहुदी, हे पुढचे वाचल्याशिवाय सांगता येणार नाही.

धर्मशिक्षणाची जुळणी पुढे कशी झाली, याचीही एक गोष्ट त्यांच्यात सांगतात. डेव्हिड रहाबी नावाचा एक यहुदी विद्वान कोकणात आला. कुणी म्हणतात हजार वर्षांपूर्वी, तर अनेक अभ्यासक म्हणतात अठराव्या शतकात. हे लोक खरेच यहुदी आहेत का, हे पाहण्यासाठी त्याने बायकांना मासळी रांधायला दिली. त्यात खवले आणि पर असलेली मासळी होती, तशीच नसलेलीही होती. यहुदी शरीयतमध्ये खवले आणि पर नसलेली मासळी खात नाहीत. बायकांनी ती बाजूला काढून ठेवली. रहाबीची खात्री पटली.

या गोष्टीत ग्रंथ हरवला, भाषा हरवली, पण दीन चुलीपाशी शिल्लक राहिला. तो बायकांनी राखला. आपल्या घरातल्या आया-बहिणींनी ही गोष्ट जरूर मुलींना सांगावी.

काझी, रोजा आणि मशीद

रहाबीने ज्या घराण्यांतल्या पुरुषांना धर्मविधी शिकवले, त्यांना बेने इस्रायल काय म्हणत? 'काझी'. लग्न लावणे, सुंता करणे, तंटे सोडवणे ही कामे हे काझी गावोगाव फिरून करत. उपवासाला ते 'रोजा' म्हणत. नव्या वर्षानंतरच्या एका उपवासाचे नाव 'नव्याचा रोजा' होते. नव्या वर्षाच्या आधीच्या महिन्यात ते उपवास करत, त्याला तर चक्क 'रमजान' म्हणत.

बाकीच्या सणांची नावे अस्सल मराठी. वर्षारंभ म्हणजे 'नव्याचा सण'. जेरुसलेमचे पवित्र मंदिर उद्ध्वस्त झाले त्या दुःखाचा दिवस म्हणजे 'बिरड्याचा सण', कारण त्या उपवासानंतर वालाचे बिरडे खायचे. गुनाहांची माफी मागण्याचा सर्वात मोठा दिवस म्हणजे 'दारफळणीचा सण'. त्या दिवशी दारे लावून घ्यायची, पांढरे कपडे घालायचे आणि सूर्यास्तापासून दुसऱ्या दिवशी रात्र पडेपर्यंत पाण्याचा घोटही न घेता तौबा करायची. दुसरा दिवस 'शिळा सण', त्या दिवशी गरिबांना दानधर्म करायचा.

आशूराचा रोजा आपण ठेवतो, त्याचे मूळही इथे आठवावे. पैगंबर हजरत मुहम्मद (सल्ल.) मदिनेत आले तेव्हा तिथले यहुदी आशूराचा रोजा ठेवत होते. अल्लाहने हजरत मूसा (अ.स.) यांना फिरऔनपासून वाचवले, त्याचा शुक्र म्हणून. मूसांवर आपला हक्क अधिक आहे, असे सांगून आपल्या पैगंबरांनीही तो रोजा ठेवला. कुरआनमध्ये कोणत्याही पैगंबरापेक्षा हजरत मूसांचे नाव जास्त वेळा आले आहे, हे मुलांना माहीत असायला हवे.

आता सर्वात नवलाची गोष्ट. बेने इस्रायल आपल्या प्रार्थनास्थळालाही 'मशीद' म्हणत. मुंबईत मांडवी भागात सॅम्युएल स्ट्रीटवर त्यांचे १७९६ सालचे पहिले प्रार्थनास्थळ आहे. हिब्रू नाव 'शाअर हारहमीम', म्हणजे रहमतीचे दार. 'रहम' हा शब्द ओळखायला आपल्याला कोश लागत नाही. लोक त्याला 'जुनी मशीद' म्हणत. मध्य आणि हार्बर रेल्वेचे 'मशीद' स्टेशन याच प्रार्थनास्थळावरून ओळखले जाऊ लागले, असे अनेक जण सांगतात. रोज हजारो लोक त्या स्टेशनावर उतरतात, पण हे किती जणांना ठाऊक असेल?

ते बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर, म्हणजे सामाजी हसाजी दिवेकर, इंग्रजांच्या फौजेत होते. म्हैसूरच्या लढाईत ते टिपू सुलतानच्या कैदेत सापडले. बेने इस्रायलांची परंपरा सांगते, की कैद्यांची जात-जमात विचारली गेली तेव्हा त्यांनी 'बेने इस्रायल' असे उत्तर दिले. टिपूच्या आईने ते ऐकले आणि म्हणाली, ही तर कुरआनमध्ये उल्लेख असलेली माणसे, यांना मारू नका. जीव वाचला तर इबादतीचे घर बांधीन, असा नवस सामाजींनी केला होता. तो त्यांनी मुंबईत पुरा केला. या गोष्टीला दरबारी दस्तऐवजाचा आधार मागू नये. पण एका समाजाने सव्वादोनशे वर्षे आपल्या मुलांना काय सांगितले, ते पाहावे. त्यांनी एका मुसलमान आईची दया सांगितली.

मलिदा: नाव एक, रीत वेगळी

मलिदा म्हटले की आपल्याला चपाती कुस्करून, गूळ-तूप घालून केलेला फातिहाचा मलिदा आठवतो. बेने इस्रायलांचाही मलिदा आहे. तो भिजवलेल्या पोह्यांचा असतो. त्यात खवलेले खोबरे, साखर, वेलदोडा, सुका मेवा घालतात आणि ताटात फळे मांडतात. लग्नाआधी, नव्या घरात, नवस फिटल्यावर सगळे जमून हजरत एलियाहू यांची आठवण करतात आणि मग मलिदा वाटतात. हे एलियाहू म्हणजे कुरआनमधले हजरत इलियास (अ.स.). सूरह अनआम आणि सूरह साफ्फातमध्ये त्यांचे नाव आहे. अलिबागजवळ खंडाळ्याला एका खडकावर त्यांच्या रथाच्या खुणा आहेत, अशी बेने इस्रायलांची श्रद्धा असून तिथे मलिद्यासाठी कुटुंबे जातात.

त्यांच्या स्वयंपाकात मटणाच्या रश्श्याला नारळाचे दूध असते. यहुदी शरीयतमध्ये मांस आणि दूध-दही एकत्र खात नाहीत. कोकणच्या नारळाने त्यांची ही अडचण सोडवली. जनावर अल्लाहचे नाव घेऊन, रक्त काढूनच कापायचे. डुक्कर आणि रक्त हराम. या बाबतीत ते आणि आपण शेजारी आहोत. सूरह माइदाच्या पाचव्या आयतीत अहले किताबचे अन्न आपल्याला हलाल ठरवले आहे.

साम्य सांगताना फरक लपवण्याचे कारण नाही. यहुदी हजरत ईसा (अ.स.) यांना पैगंबर मानत नाहीत आणि आपल्या पैगंबरांनाही मानत नाहीत. आपला अकीदा आपल्या जागी, त्यांचा त्यांच्या जागी. शेजारधर्म पाळायला अकीदा एक असावा लागत नाही.

बगदादचे ससून, पुण्याचे ससून

आता परत पुण्याकडे येऊ. एकोणिसाव्या शतकात बगदादमध्ये दाऊद पाशाच्या कारभारात यहुदी सावकारांना त्रास झाला. १७९२ मध्ये जन्मलेले डेव्हिड ससून तिथून निसटले आणि १८३० च्या दशकात मुंबईत स्थायिक झाले. कापूस आणि अफूच्या व्यापारात त्यांनी अफाट पैसा कमावला. अफूच्या त्या धंद्याने चीनमध्ये लाखो घरांची राखरांगोळी केली, हेही इतिहासात लिहिलेले आहे आणि ते झाकू नये. त्याचबरोबर त्यांनी दानही मोठ्या प्रमाणावर केले. मुंबईचे ससून वाचनालय आणि पुण्याचे १८६७ चे ससून रुग्णालय ही त्यांच्या दानाची स्मारके. मुंबईचा ससून डॉक त्यांच्या थोरल्या मुलाने बांधला. त्या मुलाचे नाव अब्दुल्ला होते. पुढे इंग्रजांत वावरताना ते अल्बर्ट झाले.

डेव्हिड ससून १८६४ मध्ये पुण्यात वारले. कॅम्पात मोलेदिना रस्त्याजवळ लाल विटांचे, उंच मनोऱ्याचे 'ओहेल डेव्हिड' हे प्रार्थनास्थळ त्यांनी बांधायला घेतले होते. ते १८६७ मध्ये पूर्ण झाले. ससून यांची कबर त्याच आवारात आहे. लांबून पाहणाऱ्याला ते चर्च वाटते, पण पुणेकर त्याला 'लाल देऊळ' म्हणतात. मुंबईत मशीद आणि पुण्यात देऊळ! लोकांनी आपापल्या ओळखीचे नाव देऊन त्या इमारतीला आपलेसे केले. बेने इस्रायलांचे स्वतःचे प्रार्थनास्थळ 'सुक्काथ शेलोमो' रास्ता पेठेत आहे.

१८७४ मध्ये याच पुण्यात ईद-ए-फसहच्या रात्री वाचायचा यहुदी ग्रंथ 'हग्गादा' हिब्रू आणि मराठीत छापला गेला. त्यातल्या चित्रांत सणाची भाकरी करणाऱ्या बायका आपल्याकडच्या वेशात दिसतात. पुढे मराठीत यहुदी कीर्तनेही होऊ लागली. इब्राहीम, यूसुफ, मूसा यांच्या कथा कीर्तनकार मराठीतून रंगवून सांगत. आपल्या दीनाची गोष्ट मराठीत सांगितल्याने ईमान कमी होत नाही, हे त्यांनी दीडशे वर्षांपूर्वी ओळखले होते.

शिकलेल्या मुली

शिक्षक म्हणून आम्हाला सर्वात भावणारा भाग हा आहे. हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी १८७५ मध्ये मुंबईत आपल्या समाजाच्या मुलांसाठी शाळा काढली. माझगावची आजची सर एली कदूरी शाळा ती हीच. केहीमकरांनीच बेने इस्रायलांचा सविस्तर इतिहास लिहून ठेवला. पुढे रिबेका रूबेन यांनी अनेक वर्षे ही शाळा चालवली. रिबेकाबाई पुण्याच्या हुजूरपागेत शिकल्या आणि १९०५ मध्ये मॅट्रिकच्या परीक्षेत पहिल्या आल्या. त्या काळात मुलीने शाळेत जाणे हेच अप्रूप होते. डॉ. जेरुशा झिराड इंग्लंडमध्ये शिकून स्त्रीरोगतज्ज्ञ झाल्या, मुंबईच्या कामा रुग्णालयाच्या प्रमुख झाल्या आणि १९६६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. डॉ. एलिजा मोझेस १९३७-३८ मध्ये मुंबईचे महापौर होते. 'बूट पॉलिश'मधले जॉन चाचा म्हणजे डेव्हिड अब्राहम चेऊलकर, मूळचे चौलचे. कवी निस्सीम इझिकेल यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

संपूर्ण देशात ज्यांची संख्या विसाव्या शतकाच्या मध्यालाही वीस हजारांच्या आसपास होती, त्या समाजाची ही कमाई. आपल्या वस्तीत आठवीनंतर शाळा सुटणाऱ्या मुलींची यादी डोळ्यांपुढे आणा, मग या नावांचे वजन कळेल.

आणि आणखी एक. मुंबईत भायखळ्याला ससून घराण्याने यहुदी मुलांसाठी काढलेल्या शाळांत आज बहुसंख्य विद्यार्थी मुसलमान आहेत. यहुदी कुटुंबे निघून गेली, शाळा चालू राहिल्या आणि त्यांच्या बाकांवर आपली मुले बसली.

दहा माणसे

१९४८ नंतर बेने इस्रायल मोठ्या संख्येने इस्राईलला गेले. तिथे सगळे सोपे नव्हते. रंग सावळा, भाषा मराठी, चालीरीती वेगळ्या. १९५०च्या सुरुवातीला काहींनी तेल अवीवमध्ये धरणे धरून 'आम्हाला भारतात परत पाठवा' अशी मागणी केली आणि काही जण परतलेही. लग्नाच्या वेळी तिथले धर्माधिकारी त्यांच्या वंशाची चौकशी करू लागले. दोन हजार वर्षे शनिवार पाळणाऱ्यांना विचारले गेले, तुम्ही खरे यहुदी कशावरून? मोठे आंदोलन झाले, तेव्हा कुठे १९६४ मध्ये तिथल्या संसदेने ते सर्व बाबतींत पूर्ण यहुदी असल्याचे जाहीर केले.

हा प्रश्न आपल्याला अनोळखी नाही. "तुम्ही मुसलमान असून मराठी इतके छान कसे बोलता?" असे कौतुक कुणी केले की आतून काहीतरी खटकते. आपल्याच मातीत आपल्याला पुरावा मागितल्यासारखे वाटते. बेने इस्रायलांना असा पुरावा त्यांच्या धर्मबांधवांनी मागितला. तरीही त्यांनी मराठी टाकली नाही. इस्राईलमधून 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक त्यांनी चालवले.

इकडे मागे राहिलेल्यांची संख्या आज सगळ्या देशात पाच हजारांच्या आसपास आहे आणि त्यांतले बहुतेक मुंबई-ठाण्यात आहेत. महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये त्यांना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. आपली जमात दोन माणसांनीही उभी राहते. यहुद्यांच्या सामुदायिक प्रार्थनेला निदान दहा प्रौढ पुरुष लागतात. अलिबाग, पेण, रेवदंड्याच्या प्रार्थनास्थळांत हे दहा जुळवणे आता अवघड झाले आहे. इमारत आहे, तौरातच्या गुंडाळ्या आहेत, दिवा आहे, माणसे नाहीत. ज्या गावात पाच वेळा अजान होते आणि सफ भरते, त्या गावातल्या माणसाने या रिकाम्या घरासमोर क्षणभर थांबून आपल्या नशिबाचा शुक्र अदा करावा.

न्यायाची कसोटी

आता अवघड प्रश्न. गाझामधल्या लेकरांचे कफन पाहून ज्याचे डोळे भरत नाहीत, त्याचे काळीज दगडाचे म्हणावे लागेल. तिथल्या जुलमाविरुद्ध बोलणे, दुआ करणे, मदत पाठवणे हे आपले काम आहे. निरपराध जीव कोणत्याही बाजूचा गेला तरी तो गुन्हाच आहे. पण एका सरकारच्या कृत्याचा जाब ठाण्यातल्या पेणकराला किंवा रास्ता पेठेतल्या म्हाताऱ्या दिवेकराला विचारता येत नाही. जगात कुठेही कुणी मुसलमान नाव घेऊन स्फोट केला की आपल्याकडे बोट दाखवले जाते, तेव्हा आपण हेच सांगतो ना, की आमचा काय संबंध? मग हे माप दोन्हीकडे सारखे हवे.

सूरह माइदाची आठवी आयत सांगते, की एखाद्या समुदायाच्या शत्रुत्वामुळेही न्याय सोडू नका. सूरह आले इमरानच्या ११३ व्या आयतीत अहले किताब सगळे सारखे नाहीत, असे स्पष्ट आहे. एका यहुद्याचा जनाजा जाताना आपले पैगंबर (सल्ल.) उभे राहिले. तो यहुदी होता, असे कुणी सांगितल्यावर त्यांनी विचारले, तो माणूस नव्हता का?

मुंबईच्या मुसलमानांनी ही कसोटी एकदा पार केली आहे. नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात नरिमन हाउसमधल्या यहुद्यांसह निरपराध माणसे मारली गेली. मारल्या गेलेल्या हल्लेखोरांना मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानात जागा द्यायला तिथल्या मुस्लिम विश्वस्तांनी साफ नकार दिला. असे करणारे आमचे नाहीत, असे त्यांनी जगाला सांगितले.

घराघरांत करता येईल असे थोडेसे आम्ही सुचवतो. मुलांच्या तोंडी 'यहुदी' हा शब्द शिवी म्हणून आला तर तिथेच थांबवा आणि त्यांना मासळी बाजूला काढणाऱ्या त्या बायकांची गोष्ट सांगा. मोबाइलवर आलेला द्वेषाचा संदेश पुढे पाठवण्याआधी सूरह माइदाची आठवी आयत आठवा. सुटीत पिंपरीहून मेट्रोने पुणे स्टेशनला उतरा, मुलांना ससूनच्या जुन्या दगडी इमारतीचे आणि लाल देवळाच्या मनोऱ्याचे बाहेरून का होईना दर्शन घडवा. आत जायचे तर आधी परवानगी घ्यावी आणि ओळखपत्र जवळ ठेवावे.

आणि अलिबागला समुद्र पाहायला जाल, तेव्हा नवगावच्या त्या कब्रस्तानाजवळून जाताना आवाज जरा खाली घ्या. तिथे निजलेली माणसेही एकाच अल्लाहला हाक मारत बुडाली होती.